टाच टेकायला बारा वर्षं

दिवाळीत बापूकडे, म्हणजे माझ्या धाकट्या भावाकडे, जळगावला गेले होते. त्याची नात फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ही मुलं सुट्टीत घरी आली की घरातल्या म्हाताऱ्यांवरच प्रॅक्टिकल करतात! माझा खांदा झाला, वहिनींचे गुडघे झाले, मग ती आजोबांच्या उजव्या पायाकडे वळली. घोटा हातात धरून तिनं पाऊल वर-खाली करून पाहिलं. टाचेमागचा जुना व्रण पाहिला, पोटरी चाचपली आणि सहज विचारलं,

"आत्याआजी, आजोबांना पोलिओ झाला तेव्हा त्यांची पोटरी रोज कोण ताणायचं?"

"ताणायचं नाही गं, चोळायचं. तेल लावून मीच चोळायचे. दोन वर्षं."

"कुठं?"

मी बोटानं दाखवलं. नडगीच्या बाहेरच्या अंगाला, पुढच्या बाजूला. जिथं पाय गेला होता तिथंच ना चोळणार?

ती काही बोलली नाही. तिच्या आजोबांचा पाय हळूच खाली ठेवला आणि चहा टाकायला आत गेली. पण चौतीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई मी. उत्तर चुकलं की समोरचा चेहरा कसा होतो ते मला चांगलं कळतं.

धुळ्याला परत आले आणि वाचायला बसले. मी इतिहासाची शिक्षिका, शरीरशास्त्राची नाही. पण प्रत्येक शास्त्रालाही इतिहास असतोच की. एका घोट्याचा इतिहास शोधता शोधता जे हाती लागलं ते इथं मांडते आहे.

आधी सांधा समजून घेऊ. आमच्या लहानपणी घरी डेऱ्यात ताक घुसळलं जायचं. घुसळखांबाला टेकून उभी रवी, तिला दोन-तीन वेढे दिलेली दोरी, आणि दोरीची दोन टोकं आईच्या दोन हातांत. उजवा हात ओढतो तेव्हा डावा सैल सोडतो, डावा ओढतो तेव्हा उजवा सोडतो. रवी इकडे फिरते, तिकडे फिरते. दोन्ही हातांनी एकदम ओढलं तर रवी जागच्या जागी घट्ट होते. आणि दोरी फक्त ओढता येते. दोरीनं ढकलता येत नाही.

आपला सांधा म्हणजे अशीच रवी. स्नायूला ओढणं तेवढं येतं, ढकलणं येत नाही. म्हणून घोट्याला पुढून एक आणि मागून एक अशी ओढ लागते. नडगीवरचा स्नायू आखडला की पाऊल वर उचललं जातं. पोटरी आखडली की टाचेमागची जाड शीर टाच वर खेचते आणि चवडा खाली जातो. चालताना पाऊल उचलायचं तेव्हा पुढचा ओढतो, मागचा सोडतो. जमीन मागे रेटायची तेव्हा उलट. नुसतं उभं राहायचं तेव्हा दोघंही थोडे थोडे ताणलेले. (मदतनीस स्नायू आणखी आहेत, पण मुख्य जोडी ही.)

आता कल्पना करा, आईच्या एका हातातलं टोक सुटलं तर? दुसरा हात काही वाईट करत नाही, तो आपलं नेहमीचंच ओढतो. पण दोरी सगळी त्याच्याकडे जाते आणि रवी थांबते.

आमच्या बापूचं नेमकं हेच झालं.

सन १९५७. आमचं गाव अमळनेरजवळ, बोरी नदीच्या काठी. जळगाव जिल्हा हे नाव १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा आलं. तेव्हा पूर्व खानदेश म्हणायचे. पावसाळ्याचे दिवस होते. बापू दोन वर्षांचा, मी आठ वर्षांची. त्याला तीन-चार दिवस ताप आला. ताप उतरला आणि आईनं त्याला अंगणात उभं केलं तर उजवा पाय लुळा. आजी ओट्यावरूनच ओरडली, "पोऱ्याना पाय गया वं माय!" शेजारपाजारच्या बायका जमल्या. सगळ्यांचं निदान एकच : पायावरून वारं गेलं.

हा "वारं गेलं" शब्दप्रयोग आज नव्या पिढीला कदाचित माहीतही नसेल. पण त्यात दोन हजार वर्षांचं शास्त्र आहे. आयुर्वेदानं शरीराची हालचाल व्यान वायूकडे सोपवली होती. अर्धांगवायू हा शब्द त्यातूनच आलेला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मोजदाद मोठी बारकाईची आहे. सांधे २१०, त्यांचे आठ प्रकार. खांद्याचा सांधा उखळासारखा, घोटा-गुडघा-कोपर यांचा प्रकार वेगळा, नाव 'कोर'. पेशी ५००, त्यांतल्या ४०० हातापायांत. आणि गंमत पाहा, सुश्रुताची पेशी म्हणजे आपला स्नायू! त्याचा स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे दोर. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या म्हणजे नाव पाण्यावर भार पेलते, तसं शरीर स्नायूंनी बांधलेलं आहे, असा त्याचा दाखला आहे. मराठी शाळेच्या पुस्तकांनी पुढं स्नायू हा शब्द मांसाला दिला आणि पेशी हा शब्द शरीराच्या सूक्ष्म घटकाला. हिंदीवाल्यांनी मांसपेशी म्हणत जुना अर्थ सांभाळला. विज्ञानाच्या बाई रजेवर गेल्या की हा धडा मीच शिकवायचे, पण ही अदलाबदल मला आत्ता सत्तरी उलटल्यावर कळली. असो.

तिकडे युरोपातही वाऱ्याचंच राज्य होतं. दुसऱ्या शतकात गेलन नावाचा वैद्य होऊन गेला. पर्गमम शहरात तो ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधायचा, त्यामुळं उघडे स्नायू त्यानं भरपूर पाहिलेले. स्नायू आखडून काम करतो आणि त्याच्या समोर उलट काम करणारा जोडीदार असतो, हे त्यानं नोंदवलं. पण आखडवतं कोण? तर मज्जातंतूंतून वाहणारा एक सूक्ष्म वायू. सतराव्या शतकात देकार्तनंही तेच धरलं : मज्जातंतू पोकळ नळ्या, त्यांतून काहीतरी येऊन स्नायू फुगतो, आणि एक फुगला की समोरचा रिकामा होतो.

हे खोटं ठरवलं एका बेडकाच्या स्नायूनं. हॉलंडच्या स्वामरडॅमनं १६६० च्या दशकात तो काचेच्या नळीत ठेवला. नळीच्या अरुंद तोंडाशी पाण्याचा एक थेंब. मज्जातंतू चाळवला, स्नायू आखडला, पण थेंब वर सरकला नाही. म्हणजे स्नायू फुगतच नाही, नुसता आकार बदलतो. किती साधा प्रयोग! पुढं अठराव्या शतकाच्या अखेरीस गॅल्वानीनं बेडकाच्याच पायावर विजेचा परिणाम दाखवला आणि वाऱ्याची जागा विजेनं घेतली.

जोडीदारांचं कोडं मात्र राहिलंच. एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो, ते कसं? आपोआप ताणला जातो म्हणून, की त्यालाही कुणी सांगतं? याचं उत्तर इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टननं १८९० च्या दशकापासून मांजरांवर प्रयोग करून शोधलं. एका स्नायूला "ओढ" असा हुकूम जातो त्याच क्षणी मज्जारज्जूतच त्याच्या जोडीदाराच्या तंतूला "थांब" असा हुकूम मिळतो. मेंदूपर्यंत जायचीही गरज नाही. म्हणजे सोडणं हे नुसतं न ओढणं नव्हे, तीसुद्धा शरीराची आज्ञा आहे. त्याला १९३२ मध्ये नोबेल मिळालं, एड्रियनबरोबर विभागून. आणि १९५४ मध्ये, बापूच्या जन्माच्या आदल्या वर्षी, हक्स्ले आडनावाच्या दोन वेगवेगळ्या शास्त्रज्ञांनी आपापल्या सहकाऱ्यांसह दाखवलं की स्नायू आखडतो तेव्हा आतले धागे आखूड होत नाहीत, ते एकमेकांत सरकतात. हाताची बोटं बोटांत घालून जवळ आणावीत तसे.

आता पोलिओ काय करतो ते सांगते. त्याचा विषाणू (१९०८ मध्ये व्हिएन्नात त्याचा शोध लागला) स्नायूला हातही लावत नाही. तो मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम धाडणाऱ्या पेशी मारतो. कुठल्या मरतील, कुठल्या वाचतील याला नियम नाही. बापूच्या नडगीवरच्या स्नायूच्या पेशी मेल्या, पोटरीच्या वाचल्या. रवीचं एक टोक सुटलं.

माझ्या आजीच्या, आईच्या, माझ्या, सगळ्यांच्या डोळ्यांना दिसत होती ती मेलेली बाजू. गावातल्या एका जाणत्यानं तीळतेल लसूण घालून कढवून चोळायला सांगितलं. आई शेतात जायची, म्हणून काम माझ्याकडे. शाळेत जाण्याआधी आणि दिवेलागणीला, रोज दोनदा. बापू माझ्या मांडीवर पाय टाकून बसायचा. मी मन लावून नडगी चोळायचे. आणि माझ्या हाताच्या दुसऱ्या बाजूला, चांगली धडधाकट पोटरी दिवसरात्र आपलं काम करत होती. समोरून तिला ताणणारं कुणी नव्हतं. हाड वाढत होतं, पोटरी वाढत नव्हती. पाचव्या वर्षी बापूची टाच जमिनीपासून दोन बोटं वर होती. दहाव्या वर्षी चार बोटं. तो चवड्यावर चालायचा, गुडघ्यावर हात दाबून. मुलं त्याला काय काय म्हणायची ते लिहीत नाही.

त्याची पोटरी रोज ताणायला हवी होती. तळपाय हातात धरून, टाच खाली ओढून, चवडा वर दाबून, हळू हळू, दहा-पंधरा मिनिटं. रात्री पाऊल काटकोनात राहील असा आधार द्यायला हवा होता. पाय पूर्ण बरा झाला नसता, मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण टाच टेकली असती.

हे मला नातीनं सांगितलं, आणि मी विचारलं की हे ज्ञान केव्हाचं? मला वाटलं, नंतरचं असेल. तसं असतं तर बरं झालं असतं.

ते नंतरचं नव्हतं. कोपनहेगनच्या एका संग्रहालयात इजिप्तमधली सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शिळा आहे. तिच्यावर काठी घेतलेला एक पुरुष कोरलेला आहे : एक पाय वाळलेला, टाच उचललेली, चवडा टेकलेला. मी इंटरनेटवर ते चित्र पाहिलं आणि बघतच राहिले. हा आमचा बापूच! विल्यम लिटल नावाच्या इंग्रज मुलाला दोन वर्षांचा असताना असाच ताप आला आणि पाऊल वाकडं झालं. तो मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला आणि १८३६ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरला जाऊन त्यानं स्ट्रोमायर यांच्याकडून टाचेमागची शीर कापून घेतली. टाच टेकली! त्यानं त्याच विषयावर प्रबंध लिहिला आणि लंडनला परतून अशा पायांसाठी रुग्णालय काढलं. पुढं १८८० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या निकोलादोनी यांनी चांगल्या स्नायूची शीर मेलेल्या स्नायूच्या कामाला लावायची शस्त्रक्रिया केली. विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियाची सिस्टर केनी उभी राहिली. तेव्हा पोलिओचे पाय महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये बांधून ठेवत. तिनं ते सोडवले, गरम ओल्या लोकरीचे शेक दिले, सांधे रोज हलवले आणि जे स्नायू आखडलेत त्यांच्याकडे आधी बघा म्हणून डॉक्टरांशी भांडली. तिची सगळी उपपत्ती पुढं टिकली नाही, पण उपचारानं जगाची पद्धत बदलली.

आणि आपल्याकडे? मुंबईत फातेमा इस्माईल नावाच्या बाई होत्या. त्यांच्या मुलीला पोलिओ झाला. मुलीसाठी हे उपचार शिकता शिकता त्यांनी १९४७ मध्ये इतरांच्या मुलांसाठीही दवाखाना सुरू केला. हाजीअलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक रुग्णालय त्यांच्याच संस्थेतून उभं राहिलं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईत पोलिओची साथ येऊन गेल्यावर १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय निघालं.

सन १९५३. बापूचा ताप १९५७. जळगावहून मुंबई म्हणजे रेल्वेनं एक रात्र. पोटरी ताणायला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. लागतात दोन हात आणि ते कुठं लावायचे याची माहिती. हात आमच्याकडे होते.

बी.ए.ला अमळनेरच्या प्रताप कॉलेजात इतिहास शिकताना मला वाटायचं, ज्ञान म्हणजे शोध लागण्याची तारीख. अमुक साली अमुक शोध, की झालं. आता वाटतं, दोन तारखा असतात. एक शोध लागला ती आणि एक तो आपल्या ओट्यापर्यंत पोचला ती. पुस्तकात पहिलीच छापतात.

आमच्या ओट्यावर तो १९६९ मध्ये पोचला. मी तेव्हा वीस वर्षांची, कॉलेजात. ओळखीच्या एका शिक्षकांनी मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाचं नाव सांगितलं. वडील, बापू आणि मी रात्रीच्या गाडीनं गेलो. शस्त्रक्रियेत दोन गोष्टी केल्या. टाचेमागची शीर पायरीसारखी कापून, सरकवून, लांब करून शिवली. आणि पोटरीच्या खोल आतला एक स्नायू, जो पाऊल आत वळवतो, त्याची शीर सोडवून पायाच्या दोन हाडांमधून पुढं आणली आणि पावलाच्या वर बसवली. म्हणजे मागचा गडी पुढं उभा केला. आपल्या देशात कुष्ठरोगानं लुळ्या पडलेल्या पावलांवरही हीच शस्त्रक्रिया पुष्कळ झाली आहे.

प्लास्टर निघालं तो दिवस मला लख्ख आठवतो. एक तरुण बाई (ती फिजिओथेरपिस्ट होती हे तेव्हा कळलं नाही, आम्ही तिला नर्सच समजलो) बापूला म्हणाली, "पाऊल वर उचल." काहीच झालं नाही. ती हसली. "बरं, वर नको. पूर्वीसारखं आतल्या अंगाला वळव." बापूनं डोळे मिटून जोर केला, आणि पाऊल आत न वळता वर आलं! एक-दीड इंच असेल. वडील खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. शीर हलवली होती, पण स्नायूला जुनाच हुकूम कळत होता. नवा शिकायला तीन-चार महिने गेले. चौदाव्या वर्षी बापू टाच टेकवून अंगणातून चालत आला. टाच टेकायला बारा वर्षं लागली.

पोटरी आखूड का झाली याचं बारीक कारण त्याच्याही नंतर, १९७० च्या दशकात, मांजरांवरच्या प्रयोगांत दिसलं. स्नायू आखूड स्थितीत बांधून ठेवला तर त्याच्या धाग्यातले सूक्ष्म घटक संख्येनंच कमी होतात. ताणलेला ठेवला तर वाढतात. शरीर ज्या लांबीची सवय लावाल ती लांबी धरतं. हे कारण १९५७ मध्ये कुणालाच माहीत नव्हतं. पण उपाय माहीत होता, कारण उपाय बहुतेक वेळा कारणाच्या आधी सापडतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. डिसेंबर १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. आम्हा शिक्षकांना बूथवर ड्यूटी. बरोबरचे कुरकुर करायचे, रविवार गेला म्हणून. मी कधी कुरकुर केली नाही. धुळ्यातल्या वस्त्यांमधून किती पोरांच्या तोंडात दोन थेंब टाकले आणि करंगळीच्या नखाला शाई लावली याची मोजदाद नाही. थेंब टाकताना बाळाच्या पावलांकडे माझी नजर जायचीच. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. त्या संध्याकाळी मी बापूला फोन केला. तो दुकानात मोटार भरत होता. म्हणाला, "बरं झालं ताई. आता माझ्यासारखे आम्हीच शेवटचे."

आता त्याचा तो पाय लवकर दमतो. नात म्हणते, पोलिओतून वाचलेल्या पेशींनी मेलेल्यांचाही भार इतकी वर्षं वाहिला, त्या आता थकल्यात. आजोबांनी फार ओढाताण करू नये. म्हणजे ओढायला शिकवून झालं, आता सोडायला शिकवणं चालू आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर मी पुन्हा जळगावला गेले आणि बापूला सांगून टाकलं. मी चुकीची बाजू चोळत होते रे. दोन वर्षं. मागं हात फिरवला असता तर तुझी बारा वर्षं वाचली असती.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाला, "ताई, तू आठ वर्षांची होतीस. आणि मला त्यातलं एकच आठवतं. दिवेलागणीला तू पाय मांडीवर घ्यायचीस आणि पाढे म्हणायचीस. माझे तिसापर्यंतचे पाढे तिथंच पाठ झाले."

मग थोड्या वेळानं, नात ऐकत नाही असं पाहून, हळूच म्हणाला, "तेल मात्र फार चांगलं होतं."

मी हसले. तरी पण एक सांगते. तुमच्या घरी, शेजारी कुणाच्या हातापायावरून वारं गेलं असेल, तर नुसत्या लुळ्या बाजूकडे बघू नका. जी बाजू चांगली आहे ती काय करते आहे तेही पाहा, आणि हात कुठं लावायचा ते जाणत्या माणसाला विचारा. लवकर विचारा.